दूध प्यालेल्यांनी परत जावे

माझ्याबद्दल कोल्हापुरात एक गोष्ट फिरते आहे, की मी हंबीरराव वस्तादांना उपाशीपोटी रक्त द्यायला लावलं. साफ खोटं. मी त्यांना रक्त देऊच दिलं नाही. भर गर्दीत, त्यांच्याच वाढदिवशी, त्यांच्याच तालमीच्या पोरांसमोर मी त्यांना खुर्चीतून उठवलं. वेळ आली तर पुन्हा उठवीन.

मी क्रांती. आमच्या रक्तपेढीतला प्लेटलेटचा विभाग मी सांभाळते. प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी. डेंग्यूत त्या उतरायला लागल्या की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं, ते तुम्ही कुठं ना कुठं पाहिलं असेल. आमच्याकडं दात्याला खुर्चीत बसवतात, हातातलं रक्त यंत्रात घेतात, यंत्र प्लेटलेट तेवढ्या काढून घेतं आणि बाकीचं रक्त त्याचं त्याला परत देतं. तासभर तरी लागतो. प्रत्येक दात्याला नळ्या-पिशव्यांचा नवा संच लागतो, त्याला आम्ही किट म्हणतो. एक किट नऊ-दहा हजारांना पडतं. ते एकदा उघडलं की उघडलं. काम अर्ध्यात थांबलं तरी कचऱ्यातच जातं.

हे यंत्र आमच्याकडं आलं ते हंबीररावांमुळं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला उपकार विसरलेली म्हणायला नको. डेंग्यूनं शहर झोडपलं त्या वर्षी एकेका पिशवीसाठी लोक पुण्याला गाड्या पळवत होते. वस्तादांनी साखर कारखान्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांपुढं झोळी पसरली आणि यंत्र आणून दाखवलं. रक्तपेढी चालवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्षही तेच. तरणेपणी नावाजलेले पैलवान, आता तालमीचे वस्ताद, घरी म्हशींचा मोठा गोठा. बोलणं मोठं आणि मनही मोठं. प्लेटलेट देणारे बहुतेक त्यांच्या तालमीतलेच. वस्तादांनी नुसती हाक मारायची, पोरं बाह्या सरसावूनच यायची.

फक्त त्यांच्या पिशव्या वाया जायच्या.

रक्तातला लाल भाग वेगळा केला की उरतो तो पिवळा, नितळ पाण्यासारखा असायला हवा. या पोरांचा पांढरा निघायचा. दाट, ताकासारखा. यंत्राला त्यातून आरपार दिसत नाही, ते शिट्ट्या मारत थांबतं. दाता खुर्चीत, सुई हातात, आणि किट गेलं. कधी रडतखडत पिशवी पूर्ण व्हायची, पण तिची मोजणी भलतीच यायची. तशी पिशवी मी कुणाच्या अंगात जाऊ देत नाही. मी फेकते. आणि फेकताना माझा जीव जळतो, हे ट्रस्टवाल्यांना कधी पटलं नाही.

"नियमाप्रमाणं महिन्याला मोजक्या पिशव्या तपासायच्या असतात," ट्रस्टचे सेक्रेटरी विजयसिंह मला एकदा म्हणाले. "तुम्ही झाडून सगळ्या तपासता, म्हणून तुम्हाला खोट सापडते. तपासणीचा खर्च कमी करा, नुकसान आपोआप कमी होईल."

"डोळे मिटले की खड्डा बुजतो काय, साहेब?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांनी विषयच मांडला, की प्लेटलेटचा विभाग तोट्यात आहे, तर तो ठेवायचा का. वस्ताद म्हणाले, ठेवायचा, पण फेकाफेकी बंद करायची. ती कशी, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

माझा भाऊ शिरोलीला फौंड्रीत ओतीव माल तपासतो. मी त्याच्यापाशी गाऱ्हाणं घातलं. तो म्हणाला, "आमचा ओतलेला जॉब खराब निघाला तर परत भट्टीत जातोय, वितळून नवा व्हतोय. तुझ्या पिशवीचं तसं न्हाय. तवा तू शेवटाला बघून भागायचं न्हाय. आत काय यायलंय ते बघ. आमच्या मालात भोकं पडली की आमी भट्टीला शिव्या देत न्हाय, साच्याची वाळू बघतो."

मग मी आत काय येतंय ते बघायला लागले. शिरोलीच्या फौंड्रीतली काही पोरं आमच्याकडं अधूनमधून प्लेटलेट द्यायची. त्यांच्या पिशव्या नितळ. यंत्र तेच, खुर्ची तीच, सुई टोचणारी मीच. मग फरक कुठला? दात्याच्या अर्जावर आम्ही विचारतो, 'खाऊन आलात का?' सगळेच 'हो' म्हणतात आणि आम्ही खूण करून मोकळे होतो. काय खाल्लं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी तालमीच्या एका पैलवानाला विचारलं.

"काल रातच्याला मटण हुतं," तो खुशीत सांगायला लागला. "पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, समदं. सकाळी मेहनत केली, मग वस्तादांच्या गोठ्यावरचं दोन तांबे दूध, थंडाई घालून. आन् हितं आलो. तुमीच पाटी लावलीया की, भरपेट खाऊन या म्हणून."

मी वळून पाटीकडं पाहिलं. खरंच लिहिलं होतं. ज्या कुणी ती पाटी छापली असेल, त्याच्या डोळ्यांपुढं दोन चपात्या आणि एक केळं असणार. कोल्हापुरात भरपेटचा अर्थ काय होतो, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

त्यात वस्तादांची रीत. शिबिर असलं की त्यांची एक म्हैस आमच्या गेटवर येऊन उभी राहायची. दाता म्हणजे पावणा, आणि पावण्याला सुई टोचायच्या आधी धारोष्ण दुधाचा ग्लास दिलाच पाहिजे, असा त्यांचा हुकूम. धार काढायला त्यांची बायको, धोंडुबाई. फोटो काढायला वर्तमानपत्रवाले. जगात भारी कार्यक्रम. आणि म्हशीच्या दुधातलं ते सगळं लोणी तासा-दोन तासांत पोरांच्या रक्तात उतरायचं. रोगांच्या तपासण्यांसाठी आम्ही नमुना आदल्या दिवशी संध्याकाळी घ्यायचो, त्यात काही दिसायचं नाही. दिसायचं ते सकाळी, किट फोडल्यावर.

कळल्यावर इलाज सोपा होता. किट फोडायच्या आधी बोटभर नळीत थोडं रक्त घ्यायचं, ती नळी गरगर फिरवायच्या यंत्रात टाकायची आणि वरचा भाग बघायचा. पिवळा असला तर बसा. पांढरा असला तर घरी जा, परवा या. नळीला पाच-दहा रुपये पडतात. आमच्या डॉक्टर अक्षता वयानं माझ्यापेक्षा लहान, कामावर नव्या, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि नियमावर सही केली. मी जुनी पाटी उतरवली आणि माझ्या हातानं नवी लिहिली: 'सकाळी हलकं खाऊन या. मटण, तूप, दूध नको. दूध प्यालेल्यांनी परत जावे.'

त्या महिन्यात मी एकही किट फेकलं नाही. वाचलेल्या पैशात दोन गरीब रुग्णांना पिशव्या फुकट देता आल्या. पण वाचलेला पैसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. परत गेलेला पैलवान मात्र सगळ्या गल्लीला दिसतो.

एका शनिवारी वस्ताद स्वतः माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले.

"क्रांती, माझी पोरं परत लावतीस?"

"वस्ताद, दूध पिऊन आलेली लावली."

"आगं, दूध न्हाय प्याचं तर काय दारू पिऊन यायचं व्हय? सगळा महाराष्ट्र हितलं दूध बघायला येतोय. आन् तू माझ्याच दारात पाटी लावतीस, दूध प्यालेला परत जा? लोक हसायल्यात माझ्यावर!"

मी नळी दाखवते म्हटलं. त्यांनी बघितली नाही. ते म्हणाले, "उद्या माझा वाढदिस. तालमीची पोरं येणार, मी बी बसणार. म्हस गेटवर येणार म्हंजे येणार. त्यातलं एक बी पोरगं परत गेलं, तर सोमवारपास्नं तू कामावर यायचं न्हाय. सांगून ठेवतो."

रात्री मला झोप लागली नाही. घरात कमावती मी आणि भाऊ. भावाच्या पगारावर आई, त्याची पोरं आणि माझी मुलगी एवढा पसारा ओढायचा नाही. मी घाबरले होते, हे कबूल. पण घाबरलेल्या माणसालाही राग येतोच. मला राग याचा आला, की एवढं स्वच्छ दिसतंय ते हा माणूस बघायलाही तयार नाही, आणि पोटावर पाय मात्र माझ्या येणार.

रविवारी गेटसमोर मांडव पडला होता. म्हशीच्या शिंगांना रंग, गळ्यात झेंडूचा हार. धोंडुबाई खाली बसून धार काढत होत्या, पोरं ग्लासाला ग्लास भिडवत होती. मी दारात उभी राहून सांगितलं, "पोरांनो, सुई टोचून घ्यायची असंल तर ते ग्लास खाली ठेवा." एकानंही ठेवला नाही. वस्ताद माझ्याकडं बघत होते आणि पोरं वस्तादांकडं.

पाच पोरं आत आली. मी पाच नळ्या फिरवल्या. पाचही पांढऱ्या. मी स्टँडवर ओळीनं लावून ठेवल्या आणि पाचही जणांना परत पाठवलं.

मग वस्ताद आले. बाही वर केली, खुर्चीत बसले, मांडीवर थाप मारली. "घे. माझं घे. बघू मला कसं उठीवतीस."

मी नळीभर रक्त घेतलं. बाहेर गर्दी दाराशी येऊन थांबली होती. यंत्र थांबलं, मी नळी बाहेर काढली. पोरांच्या नळ्यांपेक्षाही पांढरी. ती मी त्यांच्या डोळ्यांपुढं धरली आणि मग पोरांच्या नळ्यांशेजारी स्टँडवर लावली.

"वस्ताद, उठा. आज तुमचं रक्त मी घेत न्हाय."

मग दारातल्या गर्दीतून एक आवाज आला. "आता ह्यांनी आमचं दूध नको म्हणायचं! काय दिस आल्यात."

'ह्यांनी' म्हणजे कुणी, ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. कुणाच्या हातचं कुणाला चालत नव्हतं, हे माझ्या वडिलांनी गावात राहून सोसलेलं आहे, आणि ते मला कुणी शिकवायची गरज नाही. मी आवाज चढवला.

"कोण बोललं त्यानं फुडं यावं," मी म्हणाले. "दूध बाटलं म्हणून मी परत पाठवलेलं न्हाय. हे पांढरं रक्त ज्याच्या अंगात जाणार, त्याचा जीव हितं माझ्या हातात हाय. तुमच्या दूध डेअरीत आंबलेला कॅन आला तर काय करता? का घेता टँकरात, माणूस मानाचा हाय म्हणून? परत लावता. तवा कुणाच्या जातीवर जात न्हाय. मग माझ्या दारात कशाला काढता?"

पुढं कुणी आलं नाही. वस्तादांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते त्या माणसाला काहीच बोलले नाहीत, आणि ते मला फार लागलं. एवढा मोठा माणूस, एक शब्द बोलला असता तर काय झालं असतं? ते उठले, बाही खाली केली आणि म्हणाले, "सोमवारपास्नं यायचं न्हाय. विषय संपला."

तेवढ्यात फोन वाजला. दसरा चौकाजवळच्या हॉस्पिटलातून. राधानगरीकडची एक बाळंतीण, प्लेटलेट फार खाली, रक्त थांबत नाही, गट बी पॉझिटिव्ह. संध्याकाळच्या आत एक पिशवी हवी होती. माझ्याकडं शिल्लक एकही नव्हती. डॉक्टर अक्षतांनी फोन ठेवला आणि खोलीभर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"बघ," वस्ताद गरजले. "बाई मरायला लागलीया आन् तू रंग बघत बसलीयास! ह्यातली दोन पोरं बी पाझिटीव हायत. घे त्यांचं!"

ही गोष्ट मी कुणालाही सांगते तेव्हा इथं थांबते, कारण इथं मी खरंच डगमगले. डॉक्टर अक्षता माझ्याकडं बघत होत्या. दोन धडधाकट पोरं समोर उभी होती, जीव द्यायला तयार. ती पिशवी घेतली असती तर कदाचित यंत्र चाललंही असतं. कदाचित. आणि चाललं नसतं तर त्या बाईचे तास वाया गेले असते, आणि पोरांच्या हाताला फुकट भोक. मी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनीही हलवली, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

मी फोन लावत सुटले. फौंड्रीतल्या पोरांना रविवारची सुट्टी. एक गावी, एक तापानं पडलेला, एकाचा फोन बंद. वस्ताद दारात हाताची घडी घालून उभे. मी हरते कधी, याची वाट बघत होते असं मी म्हणणार नाही. त्यांनाही त्या बाईची काळजी होती. पण त्यांची काळजी आणि त्यांचा हट्ट एकाच दारात उभे होते.

तेव्हा गर्दी बाजूला करत धोंडुबाई आत आल्या. हात धुतलेले, पदराला पुसत. पन्नाशीच्या, काटक, दंडावर शिरा उठून दिसणाऱ्या.

"पोरी, बाईमाणसाचं चालतंय काय त्या यंत्राला?"

मी फोन खाली ठेवला. "चालतंय की, काकी. सकाळपास्नं काय खाल्लंय तुमी?"

"शिळी भाकरी. आन् कोरा चा."

"दूध?"

त्या हसल्या. "दूध कुठलं? डेअरीचं डेअरीला जातंय, पोरांचं पोरांस्नी. आमी गोठ्यातल्या बायका कोराच पितो. लगीन झाल्यापास्नं."

मी इतकी शिबिरं पाहिली होती, प्रत्येक शिबिराला ही बाई गेटवर बसून बादल्या भरत होती. तिला ये, तू दे, असं आम्ही कधी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

"तू कशाला?" वस्ताद म्हणाले. "चल घरला. बायकांचं काम न्हाय हे."

"तुमी सुई टोचून घेतासा तवा मला इचारतासा काय?" धोंडुबाई त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या आणि डॉक्टरांपुढच्या स्टुलावर बसल्या.

डॉक्टर अक्षतांनी वजन घेतलं, दाब बघितला, बोट टोचलं. रक्त चांगलं होतं. डोकेदुखीची गोळी वगैरे घेतली का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "डोकं दुखायला सवड तर पायजे." मग डॉक्टरांनी विचारलं, "मुलं किती?"

"न्हाईत."

एवढंच म्हणाल्या. वस्तादांनी नजर खाली केली. ज्या घरात वंशाचा दिवा नाही, त्या घरच्या बाईला लग्नाकार्यात काय काय ऐकावं लागतं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर अक्षता जरा अडखळल्या आणि म्हणाल्या, "प्लेटलेटसाठी ते बरं असतं, काकी. बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तात कधीकधी असं काही तयार होतं, की त्याचा रुग्णाला त्रास होऊ शकतो. तुमचा तो प्रश्न नाही."

धोंडुबाईंनी ते नीट ऐकून घेतलं. "म्हंजे पोर न्हाय झालं ते हितं तरी उपेगाला आलं म्हणा की," असं म्हणून त्या मोकळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी नळी घेतली आणि कामाला लागले.

गट बी पॉझिटिव्ह निघाला, आमच्याकडं गल्लोगल्ली सापडणारा. रोगांच्या तपासण्यांना दीडेक तास गेला. तोवर त्या स्टुलावरून हलल्या नाहीत. मी नळी फिरवली. वरचा भाग पिवळा, असा नितळ की त्यातून माझं बोट दिसत होतं. मी ती नळी पोरांच्या पांढऱ्या नळ्यांच्या शेजारी लावली, कुणाला काही न सांगता. मग त्यांना खुर्चीत बसवलं आणि किट फोडलं.

रोज म्हशींच्या धारा काढणारा तो हात. शीर पहिल्या फटक्यात मिळाली. यंत्र एकदाही शिट्टी न मारता चाललं. ओठाला मुंग्या येतात म्हणाल्या, तेव्हा मी कॅल्शियमची गोळी दिली. बाकी सगळा वेळ त्या वर टांगलेल्या पिशवीकडं बघत होत्या. "हे माझ्यातलं हाय?" त्यांनी एकदा विचारलं. मी हो म्हटलं. "चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या.

पिशवी भरली. मोजणी केली, भरपूर आली. डॉक्टरांनी सही केली आणि हॉस्पिटलचा माणूस पिशवी घेऊन पळाला. थोड्या वेळानं तिकडून फोन आला, की पिशवी लावली आहे आणि बाईचं रक्त थांबायला लागलं आहे.

वस्ताद आत आले. मागं तालमीची पोरं. ते स्टँडपाशी जाऊन उभे राहिले. पांढऱ्या नळ्या, त्यांच्या शेजारी पिवळी. त्यांनी बराच वेळ पाहिलं. आपली नळी कुठली, हेही त्यांना कळलं असणार, तिच्यावर नाव होतं. पण पोरं मागं उभी होती आणि शब्द गेलेला होता.

"सोमवारचं सांगिटलंय, ते ध्यानात हाय न्हवं?" ते मला म्हणाले.

"हाय," मी म्हणाले. "पण मी येणार हाय. पगार देऊ नका, खुर्ची देऊ नका. त्या दारात उभी राहून नळ्या बघीन. पोलीस बोलवायचं असलं तर बोलवा."

"कुणाच्या हुकमानं?"

"माझ्या," खुर्चीतून धोंडुबाई म्हणाल्या. हाताला अजून पट्टी होती. "परत कवा देता येतंय मला, ते हिला इचारूनच ठरवणार हाय मी. ही नसली तर मी सुई टोचून घेणार न्हाय. आन् मघाशी तिला कोण काय बोललं, ते बी मी ऐकलंय. तुमी गप ऱ्हायलासा, ते बी बघिटलंय. मला बरं वाटलं न्हाय ते."

खोलीत इतके पैलवान होते, पण कुणाची मान वर नव्हती. बाहेर म्हैस ओरडली. संध्याकाळची वेळ होत आली होती.

"चल," वस्ताद शेवटी म्हणाले, आवाज जरा उतरवून. "धारंची येळ झाली."

"आज या हाताला जड काम न्हाय," मी म्हणाले. "धार काढायची न्हाय. नियम हाय."

"मग धार कोण काढणार?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तांबेच्या तांबे रिचवणारी पोरं, पण म्हशीच्या आचळाला त्यातल्या एकाचाही हात कधी लागलेला नव्हता. वस्तादांच्या म्हशी तर धोंडुबाईंच्या हाताशिवाय पान्हाच सोडत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. वस्तादांनी बायकोकडं पाहिलं.

धोंडुबाईंनी पाय लांब केले आणि खुर्चीला पाठ टेकली. "ज्येनं प्यालंय त्येनं काढायची."

एक पोरगं फिसकन हसलं. वस्तादांनी डोक्याचा फेटा काढला, धोंडुबाईंच्या शेजारच्या टेबलावर ठेवला आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. पोरांना म्हणाले, "चला रं. बादल्या घ्या."

दारापर्यंत गेल्यावर ते थांबले. माझ्याकडं वळले नाहीत.

"उद्या किती वाजता उघडतीस?"

उद्या सोमवार होता. "नऊला," मी म्हणाले.

"पोरांस्नी काय खाऊन धाडू?"

"भाकरी, भाजी, कोरा चहा," मी म्हणाले. "आन् वस्ताद, मघाशी दारातनं जो बोलला, त्याला सगळ्यांच्या आधी धाडा."